मोटारसायकलचा क्लच घसरणे

मोटारसायकलचा क्लच पूर्णपणे जोडलेला असतानाही त्यातील चकत्या एकमेकींवर सरकत राहणे आणि त्यामुळे इंजिनाची सर्व ताकद मागच्या चाकापर्यंत न पोहोचणे, या दोषाला क्लच घसरणे असे म्हणतात. 'क्लच स्लिप होणे', 'प्लेटा जाणे', 'गाडी नुसती रेस खाते, ओढत नाही' हे बोलीभाषेतील शब्दप्रयोग याच दोषाचे वर्णन करतात. मुठीवरचा लिव्हर दाबूनही इंजिन आणि गिअरपेटी पूर्णपणे विलग होत नाहीत, तेव्हा 'क्लच सुटत नाही' असे म्हटले जाते. तो याच्या नेमका उलट दोष आहे. दोन्ही दोषांची कारणे आणि उपाय वेगळे असल्याने सुरुवातीलाच त्यांत फरक करणे आवश्यक असते.

प्रस्तुत लेखात या दोषाचे निदान व घरच्या घरी होऊ शकणारी दुरुस्ती यांची माहिती आहे. ज्या भागात मोटारसायकल हे प्रवासाबरोबरच मालवाहतुकीचेही साधन आहे, त्या धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यातील वापर उदाहरणादाखल घेतला आहे.

रचना आणि कार्य

भारतात सर्वाधिक दिसणाऱ्या १०० ते १५० घनसेंमी क्षमतेच्या चार-स्ट्रोक मोटारसायकलींमध्ये तेलात बुडालेला, अनेक चकत्यांचा क्लच असतो. त्यात घर्षण-अस्तर चिकटवलेल्या चकत्या (बोलीत 'क्लच प्लेट') आणि साध्या पोलादी चकत्या (बोलीत 'प्रेशर प्लेट', हेच नाव काही कारागीर चकत्या दाबणाऱ्या जाड तबकडीलाही देतात) एकाआड एक रचलेल्या असतात. घर्षण-चकत्यांचे बाहेरचे कान क्लच हाउसिंगच्या खाचांत बसतात आणि हाउसिंग इंजिनाच्या दांड्याकडून दात्यांद्वारे फिरते. पोलादी चकत्यांचे आतले दाते मधल्या हबवर बसतात आणि हब गिअरपेटीच्या दांड्याला जोडलेला असतो. चार ते सहा स्प्रिंगा हा सर्व गठ्ठा सतत आवळून धरतात. लिव्हर दाबला की केबल ओढली जाते, स्प्रिंगांचा दाब हटतो आणि चकत्या मोकळ्या होतात.

क्लच किती पीळ वाहून नेऊ शकतो, हे स्प्रिंगांचा दाब, घर्षणाचा गुणांक, घासणाऱ्या पृष्ठांची संख्या आणि चकत्यांची सरासरी त्रिज्या या चार गोष्टींच्या गुणाकारावर अवलंबून असते. त्रिज्या आणि पृष्ठांची संख्या कारखान्यातच ठरलेली असते. वापरात बदलतात त्या पहिल्या दोन गोष्टी. स्प्रिंगांचा दाब कमी झाला, किंवा तो चकत्यांपर्यंत पूर्ण पोहोचला नाही, किंवा घर्षण कमी झाले, एवढ्या तीनच मार्गांनी क्लच घसरू शकतो. पुढील सर्व कारणे याच तिघांत मोडतात.

घसरण्यातून उष्णता किती निर्माण होते याची कल्पना एका ढोबळ हिशेबाने येते. क्लच २५ न्यूटन-मीटर पीळ वाहत असताना त्याच्या दोन बाजूंच्या गतीत मिनिटाला १,००० फेऱ्यांचा फरक असेल, तर सुमारे २.६ किलोवॅट शक्ती उष्णतेत जाते. १५०० वॉटच्या पाणी तापवण्याच्या जवळजवळ पावणेदोन सळ्या तळहाताएवढ्या जागेत चालू ठेवल्यासारखे हे आहे. तेल काही उष्णता वाहून नेते, परंतु सतत घसरणारा क्लच काही किलोमीटरच्या चढात निकामी होऊ शकतो, याचे कारण या आकड्यात दिसते.

लक्षणे

सर्वांत विश्वासार्ह लक्षण म्हणजे इंजिनाचा आवाज चढणे आणि वेग न वाढणे. वरच्या गिअरमध्ये, चढावर, दोन माणसे किंवा ओझे असताना रेस पिळली की इंजिनाच्या फेऱ्या एकदम वाढतात आणि गाडी मात्र आहे त्याच वेगाने चालत राहते. दोष प्रथम वरच्या गिअरमध्ये जाणवतो, कारण तेथे चाकावरचा विरोध क्लचला अधिक प्रमाणात सोसावा लागतो. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये तीच गाडी बराच काळ ठीक वाटते. त्यामुळे गावातल्या गावात फिरणाऱ्या मालकाला दोष कळतच नाही आणि एखाद्या दिवशी घाटातच त्याचा उलगडा होतो.

सामान्य वापराच्या अनेक मोटारसायकलींना फेरे दाखवणारे मीटर नसते. त्यामुळे येथे कान हेच उपकरण ठरते. याखेरीज जळका, काहीसा उग्र वास, पेट्रोलचा वाढलेला खप आणि इंजिनाच्या उजव्या झाकणाचे (बहुतेक गाड्यांत क्लच याच बाजूला असतो) नेहमीपेक्षा अधिक तापणे ही लक्षणे आढळतात. काही रचनांमध्ये किकची गती क्लचमधूनच इंजिनापर्यंत जाते आणि अशा गाड्या किकने केवळ न्यूट्रलमध्येच चालू होतात. त्यांत क्लच फार झिजला की किक 'हलकी' जाते, म्हणजे पायाखाली विरोध जाणवत नाही व इंजिन फिरत नाही. अशा वेळी किकचे दाते गेले असे समजून भलताच भाग बदलला जाण्याची उदाहरणे गॅरेजमध्ये नेहमी दिसतात.

धाराशिव जिल्ह्यातील वापर

धाराशिव जिल्हा बालाघाटच्या डोंगररांगांवर व त्यांच्या उतारांवर पसरलेला आहे. सोलापूरहून तुळजापूरला येणारा रस्ता तुळजापूरजवळ घाट चढतो. येडशीजवळचा रामलिंगचा परिसरही चढउताराचा आहे. सोलापूर–धुळे राष्ट्रीय महामार्ग (क्रमांक ५२) तुळजापूर, धाराशिव, येडशी, येरमाळा या मार्गाने जातो आणि त्यावर जड वाहनांची वर्दळ असते. अशा रस्त्यावर चढात दुचाकीची ओढ अचानक नाहीशी होणे ही केवळ गैरसोय राहत नाही. मागून मालमोटार येत असते आणि दुचाकी जागीच थबकते, किंवा मागे सरकू लागते.

जिल्ह्यातील गाड्यांवर, म्हणजे एमएच-२५ क्रमांकाच्या दुचाक्यांवर, पडणारा भारही लक्षात घेण्याजोगा आहे. खव्यासाठी प्रसिद्ध असलेल्या भूम परिसरात दुधाचे कॅन दोन्ही बाजूंना अडकवलेल्या मोटारसायकली रोज पहाटे दिसतात. खताची पोती, कडब्याच्या पेंढ्या, फवारणीचे पंप यांची ने-आणही याच गाड्यांवर होते. १९८५ मध्ये आलेली हिरो होंडा सीडी १०० आणि १९९४ मधील स्प्लेंडर यांनी ग्रामीण भागात जी परंपरा रुजवली, त्यातील बहुतेक गाड्यांची ताकद सात-आठ अश्वशक्तीच्या घरात असते. त्यांचा क्लच दोन माणसांच्या भाराचा विचार करून बनवलेला असतो.

पावसाळ्यात आणखी एक कारण जोडले जाते, ते म्हणजे काळी माती. शेतरस्त्यावरचा चिकट चिखल टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये भरत जातो व अखेरीस चाक जवळजवळ जखडते. अशा वेळी उतरून काडीने चिखल काढण्याऐवजी लिव्हर अर्धवट धरून रेस वाढवली जाते. चाक फिरत नाही, इंजिन फिरते, आणि मधला सर्व फरक क्लचच्या चकत्या सोसतात. अशा पाच-सात मिनिटांच्या झटापटीत होणारे नुकसान महिनाभराच्या साध्या वापरापेक्षा अधिक असू शकते. काही शेतकरी मोटारसायकलला कोळपे जोडून आंतरमशागत करतात. त्या कामात वेग कमी, ओढ सतत आणि वाऱ्याने होणारे थंडावणे जवळपास शून्य असते. क्लचच्या दृष्टीने यापेक्षा कठीण काम क्वचितच असेल.

कारणे

घसरण्याचे सर्वांत साधे आणि सर्वाधिक दुर्लक्षित कारण म्हणजे लिव्हरला मोकळी हालचाल (बोलीत 'प्ले') न उरणे. येथे एक गोष्ट अनेकांना उलटी वाटते. केबल वापराने ताणते आणि त्यामुळे प्ले वाढतो, हे खरे आहे. परंतु चकत्या झिजल्या की गठ्ठ्याची जाडी कमी होते, दाबपट्ट सरकून क्लच सोडणाऱ्या यंत्रणेच्या अधिक जवळ येतो आणि प्ले कमी होतो. प्ले पूर्ण संपला की लिव्हर न दाबताही केबल किंचित ताणलेली राहते. याचा अर्थ, चालक सतत थोडासा क्लच दाबूनच गाडी चालवत असतो. त्यामुळे चकत्या घसरतात, घसरल्यामुळे झिजतात आणि झिजल्यामुळे प्ले आणखी कमी होतो. वेळीच थांबवले तर हे चक्र पान्याच्या दोन वेढ्यांत तुटते.

केबल कोरडी किंवा गंजलेली असल्यास लिव्हर सोडल्यावर ती पूर्ण मागे जात नाही. परिणाम तोच होतो. हँडलजवळ केबलला बसलेला मुरड किंवा बाहेरच्या आवरणाचा फुटलेला भाग हेही याच वर्गातले.

दुसरे कारण तेल. अशा गाड्यांत इंजिन, गिअरपेटी आणि क्लच यांना एकच तेल लागते. मोटारींसाठी बनवलेल्या काही तेलांत इंधनबचतीसाठी घर्षण कमी करणारी द्रव्ये मिसळलेली असतात. ती इंजिनाला उपकारक असली तरी क्लचला मारक ठरतात. या अडचणीतूनच जपानमधील वाहन-मानक संस्थेने (जॅसो) १९९८ मध्ये चार-स्ट्रोक दुचाक्यांच्या तेलांसाठी टी ९०३ हे मानक आणले. त्यातील 'एमए' वर्गाचे तेल अधिक घर्षण टिकवते आणि ओल्या क्लचसाठी योग्य असते. 'एमबी' वर्गाचे तेल कमी घर्षणाचे असून ते ओला क्लच नसलेल्या स्कूटरांसाठी असते. पुढे एमए वर्गाचे एमए-१ व एमए-२ असे उपवर्ग करण्यात आले. डब्यावर ही अक्षरे पाहणे हा फुकटचा उपाय आहे. घरी ट्रॅक्टरसाठी आणलेले तेल मोटारसायकलमध्ये ओतण्याची सवयही आढळते. त्याने क्लच घसरेलच असे नाही, पण त्याचा दाटपणा वेगळा असतो आणि क्लचसाठी ते तपासलेले असतेच असे नाही.

उरलेली कारणे यंत्राच्या आत असतात. घर्षण-अस्तर झिजणे किंवा जळून काचेसारखे गुळगुळीत होणे, पोलादी चकत्या उष्णतेने वाकणे आणि स्प्रिंगा थकून आखूड होणे ही त्यांतील प्रमुख होत. क्लच हाउसिंगच्या खाचांत पडलेले ओरखडे प्रामुख्याने क्लच नीट न सुटण्यास कारणीभूत होतात, तथापि चकत्या त्यांत अडकल्यास दाब सर्वत्र सारखा पडत नाही.

निदान

झाकण उघडण्यापूर्वी दोष क्लचचाच आहे याची खात्री करणे हा निदानाचा अर्धा भाग होय. ओढ कमी होण्याची इतर कारणे पुष्कळ आहेत, पण बहुतेकांत इंजिनाच्या फेऱ्या मोकाट वाढत नाहीत. ब्रेक चिकटलेला असेल तर गाडी जड चालते आणि इंजिनाचा आवाजही दबलेला राहतो. दुहेरी स्टँडवर मागचे चाक हाताने फिरवले की हे लगेच कळते. कॉम्प्रेशन कमी झाले असेल किंवा पेट्रोल पुरेसे येत नसेल, तर इंजिनच मंदावते. झिजलेल्या स्प्रॉकेटवरून चेन उडत असेल तर फेरे वाढतात खरे, परंतु सोबत खटखट आवाज व झटके येतात. क्लच गुळगुळीतपणे, झटक्याविना घसरतो. हा फरक एकदा कानाने टिपला की सहसा चूक होत नाही.

चालत्या गाडीवरची चाचणी मोकळ्या, सरळ रस्त्यावर केली जाते. चौथ्या गिअरमध्ये ताशी ३५–४० किलोमीटरच्या वेगाने जात असताना रेस झटकन पूर्ण उघडावी. क्लच ठीक असल्यास आवाज आणि वेग एकत्र, सावकाश वाढतात. आवाज आधी उडी मारून वेग मागे राहत असल्यास क्लच घसरत आहे. शक्यतो हीच चाचणी सौम्य चढावर आणि इंजिन पूर्ण तापल्यावर करतात, कारण थंड इंजिनात सौम्य दोष लपून राहू शकतो.

जागेवरची चाचणीही प्रचलित आहे. पुढचा ब्रेक घट्ट धरून, समोर मोकळी जागा ठेवून, वरच्या गिअरमध्ये थोड्या रेसवर लिव्हर हळूहळू सोडला असता निरोगी क्लच इंजिन बंद पाडतो. इंजिन चालूच राहिले तर क्लच पकडत नाही. ही चाचणी दोन-तीन सेकंदांपेक्षा अधिक लांबवल्यास ती स्वतःच क्लच जाळते, म्हणून ती एकदाच करणे इष्ट.

यानंतर लिव्हरच्या टोकाशी प्ले मोजला जातो. हिरो व होंडाच्या लहान मोटारसायकलींच्या पुस्तिकांत तो साधारणपणे १० ते २० मि.मी. सांगितलेला असतो. इतर गाड्यांसाठी त्या-त्या पुस्तिकेतील आकडा ग्राह्य धरावा. हँडल डावीकडून उजवीकडे पूर्ण वळवतानाही प्ले बदलता कामा नये. तो बदलत असल्यास केबलचा मार्ग चुकलेला असतो.

घरगुती दुरुस्ती

दुरुस्तीचा क्रम बाहेरून आत असा असावा. प्रथम हँडलजवळचा बारीक समायोजक पूर्ण आत फिरवून घेतात, मग इंजिनाजवळचे दोन नट सैल करून केबल हवी तेवढी सोडतात, आणि शेवटचा बारीक फरक पुन्हा हँडलजवळ करतात. काही गाड्यांत इंजिनाच्या झाकणावर क्लच सोडणाऱ्या यंत्रणेचा स्वतंत्र स्क्रू असतो. तो असल्यास केबलच्या आधी जुळवावा लागतो. केबल अडकत असेल तर तिच्या वरच्या टोकातून पातळ तेल सोडून ती मोकळी होते का ते पाहतात. तारांचे धागे तुटलेले असल्यास केबल बदलणेच योग्य. एवढ्यावर गाडी ओढू लागली, तर पुढील कामाची गरज नसते. चुकीचे तेल भरल्याची शंका असल्यास तेल बदलून शे-दोनशे किलोमीटर गाडी चालवून पाहावी. अस्तर जळाले नसेल तर पकड पुष्कळदा परत येते.

समायोजक शेवटपर्यंत फिरवूनही प्ले मिळत नसेल, किंवा प्ले असूनही क्लच घसरत असेल, तर झाकण उघडणे भाग पडते. इंजिन थंड झाल्यावर तेल काढून घेतात. नंतर किकचा दांडा, पायटा आणि केबल काढून उजव्या झाकणाचे बोल्ट सोडवले जातात. हे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात. पुठ्ठ्यावर झाकणाची आकृती काढून प्रत्येक बोल्ट आपापल्या जागी टोचून ठेवण्याची गॅरेजमधील जुनी युक्ती येथे फार उपयोगी पडते, कारण लांब बोल्ट आखूड जागी आवळल्यास ॲल्युमिनियमची भिंत फुटते. झाकण चिकटले असेल तर लाकडी हातोडीने हलके ठोकतात. सांध्यात स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटल्यास तेथून पुढे कायम तेल गळत राहते.

आत दिसणारे स्प्रिंगांचे बोल्ट एकाआड एक, थोडेथोडे सैल करावेत. अनेक १०० घनसेंमी गाड्यांत चकत्या काढण्यासाठी मधला नट किंवा कडीही (सर्क्लिप) काढावी लागते. नटासाठी खाचांचा विशेष पाना लागतो. छिन्नी-हातोडीने तो नट सोडवणे रूढ असले तरी त्याने नट आणि दांडा दोन्ही खराब होऊ शकतात. हा पाना घरी नसेल तर एवढ्या एका टप्प्यासाठी गॅरेजची मदत घेणे शहाणपणाचे. चकत्या ज्या क्रमाने व ज्या बाजूने निघतील, त्याचे मोबाइलवर छायाचित्र घेऊन ठेवावे. काही रचनांत पहिली किंवा शेवटची चकती वेगळी असते.

घर्षण-चकत्यांची जाडी व्हर्निअर कॅलिपरने तीन-चार ठिकाणी मोजतात. नव्या चकतीची जाडी बहुधा ३ मि.मी.च्या आसपास असते आणि काही दशांश मिलिमीटरची झीज ही बदलण्याची मर्यादा असते. डोळ्याला हा फरक दिसत नाही, त्यामुळे 'प्लेट अजून जाड दिसते' या निरीक्षणाला फारसा अर्थ नसतो. पोलादी चकती काचेवर सपाट ठेवून खाली फीलर गेज सरकवतात. अनेक पुस्तिकांत वाकण्याची मर्यादा ०.२ मि.मी. असते. निळसर-जांभळे डाग म्हणजे ती चकती तापून गेल्याची खूण. स्प्रिंगांची मोकळी लांबी पुस्तिकेतील आकड्याशी ताडून पाहतात. एक जरी आखूड असली तरी संपूर्ण संच बदलला जातो. जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असू शकते. त्यामुळे वाळलेल्या चकत्या फुंकून किंवा घासून साफ करणे टाळावे.

येथे दोन प्रचलित तोडग्यांचा उल्लेख आवश्यक आहे. पहिला, स्प्रिंगांखाली वॉशर घालून दाब वाढवण्याचा. त्याने काही दिवस पकड वाढते, पण लिव्हर जड होतो, केबल लवकर तुटते आणि वॉशर जाड असल्यास स्प्रिंगेचे वेढे एकमेकांना टेकून क्लच सुटेनासा होतो. दुसरा, गुळगुळीत झालेल्या चकत्या पॉलिश पेपरवर घासण्याचा. अस्तर जाडीने पुरेसे असेल तर गावी पोहोचण्यापुरता तो क्षम्य आहे. झिजलेल्या चकतीवर मात्र त्याने उरलेसुरले अस्तरही जाते.

नव्या चकत्या बसवण्यापूर्वी ताज्या इंजिन तेलात काही तास, शक्यतो रात्रभर, भिजवतात. कोरड्या बसवल्यास पहिल्याच फेरीत अस्तर जळू शकते. स्प्रिंगांचे ६ मि.मी. व्यासाचे बोल्ट साधारण १० ते १२ न्यूटन-मीटर पिळाने, समोरासमोर, टप्प्याटप्प्याने आवळतात. ॲल्युमिनियममधील आटे सहज निघतात, म्हणून लांब पाना वापरू नये. जुने पॅकिंग पूर्ण खरवडून नवे लावावे, झाकणाच्या जागा धरणाऱ्या पोकळ पिना हरवल्या नाहीत हे पाहावे, आणि तेल भरल्यानंतरच इंजिन चालू करावे. शेवटी प्ले पुन्हा जुळवतात. नव्या चकत्या बसताना पहिल्या काही दिवसांत तो बदलतो, म्हणून दोन-तीनशे किलोमीटरनंतर एकदा तपासणे आवश्यक असते. चकत्या व स्प्रिंगांचा संच लहान गाड्यांसाठी काहीशे रुपयांत मिळतो. तो धाराशिव, उमरगा, कळंब येथील सुट्या भागांच्या दुकानांत किंवा जवळच्या बार्शी, लातूर, सोलापूरच्या बाजारात उपलब्ध असतो.

काढलेले तेल विहिरीजवळ, ओढ्यात किंवा बांधावर ओतले जाऊ नये. ते डब्यात साठवून गॅरेजमध्ये देता येते.

रस्त्यात क्लच घसरल्यास

घाटात क्लच घसरू लागल्यास रेस वाढवणे हा सर्वांत नैसर्गिक आणि सर्वांत घातक प्रतिसाद ठरतो. त्याऐवजी खालचा गिअर घालून रेस कमी ठेवल्यास क्लचवरचा पीळ घटतो आणि गाडी हळू का होईना चढते. मागचा माणूस उतरवणे व ओझे काढणे हाही उपाय आहे. सुरक्षित जागी थांबून हँडलजवळचा समायोजक आत फिरवून केबल सैल केल्यास, दोष केवळ प्लेचा असेल तर तो तेथेच दूर होतो. ओढ पूर्ण गेल्यास गाडी गिअरमध्ये ठेवून ती जागेवर राहील असे गृहीत धरता येत नाही, कारण घसरणारा क्लच चाकाला अडवू शकत नाही. त्यामुळे ब्रेक धरूनच उतरावे, गाडी रस्त्याच्या कडेला घ्यावी आणि मागच्या चाकाला दगड लावावा.